साय धरायच्या आत

पहिला मासा मी गोठलेल्या तळ्यात पाडलेल्या भोकाच्या तोंडाशी गमावला. पर्च होता, तळहाताहून मोठा. पाठीवरचे काळसर पट्टे मला स्वच्छ दिसले. डोकं वर आलं, अंग कडेपाशी अडलं, त्याने एक हिसडा दिला, दोरी बर्फाच्या धारेवर घासली आणि तुटली. गळ तोंडात घेऊनच तो खाली गेला.

मासा सुटतो, त्याचं मला कधी फार वाटलेलं नाही. पण हा सुटला नव्हता. पाच मीटर खोलीवरून मी त्याला वर ओढून आणलं होतं आणि ज्या दारातून त्याला घ्यायचं ते दारच अर्धं लावून ठेवलं होतं. सकाळी गिरमिटाने पाडलं तेव्हा भोक २० सेंटिमीटर रुंद होतं. मासा गेल्यावर मी पट्टी लावून पाहिली, तर वरचं तोंड जेमतेम १४ भरलं. भोक माझ्या डोळ्यांसमोरच मिटत होतं. वरची बर्फाची साय मी दर थोड्या वेळाने काढत होते, त्यामुळे ते उघडंच आहे असं मी धरून चालले होते.

त्या दिवसापासून दोन दिवस आणि दोन रात्री मी मासेमारीपेक्षा भोकाकडेच जास्त लक्ष दिलं. गोठलेल्या तळ्यावर पहिल्यांदा बसणाऱ्याला कुणी हे आधी सांगितलं, तर एखादा मासा तरी असा जखमी होऊन खाली जाणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझा मामेभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, कित्येक हिवाळे बर्फावर गळ टाकत आलाय. मी त्याच्याबरोबर गेले होते. पहाटे हवा उणे १८ अंश होती आणि वारा होता. तळ्यावर पाय ठेवण्याआधी दादाने काठाजवळ पहारीने बर्फ ठोकून पाहिला, मग थोडं आत जाऊन गिरमिटाने जाडी मोजली. नितळ, काळसर दिसणारा बर्फ निदान १० सेंटिमीटर असल्याशिवाय त्यावर माणसाने चालू नये. पांढरा, दुधी बर्फ कच्चा असतो, तो असेल तर जाडी दुप्पट हवी. आम्हाला ४२ सेंटिमीटर मिळाला. तरीही गळ्यात बर्फात रोवायच्या खिळ्यांची जोडी अडकवल्याशिवाय त्याने मला पुढे येऊ दिलं नाही.

बर्फावर गुडघ्याच्या खाली येईल एवढा भुसभुशीत हिमाचा थर होता. मी उत्साहाने फावडं घेतलं आणि बसायला जागा व्हावी म्हणून भोकाभोवती मीटरभर वर्तुळ अगदी लख्ख साफ केलं. खालचा बर्फ काचेसारखा दिसत होता. दादा तेव्हा लांब आपली भोकं पाडत होता. ही माझी पहिली चूक, आणि ती मला संध्याकाळी कळली.

दुसरी चूक लगेच झाली. गिरमीट पार गेलं की पाणी उसळून वर येतं आणि सोबत बर्फाचा सगळा भुगा आणतं. तो भुगा पाण्यात मिसळून लगदा होतो. मी झाऱ्याने वरवरचा लगदा काढला, मधे पाणी दिसलं तेवढ्यावर समाधान मानलं आणि गळ सोडला. भोकाच्या भिंतीला आणि पाण्याखाली हातभर लगदा तसाच चिकटून होता. दहा मिनिटांत तो दगडासारखा धरला.

याचं कारण मला नंतर नीट उमगलं. शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचा बर्फ व्हायचा तर त्यातून ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडावी लागते. ही रक्कम बरीच मोठी आहे. तेवढीच उष्णता तेच एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवेल. म्हणजे पाणी सहजासहजी गोठत नाही, त्याला बरंच देणं चुकवावं लागतं. पण लगद्यात अर्धा भाग आधीच बर्फ असेल, तर अर्धं देणं चुकतं झालेलंच असतं. उरलेलं निम्म्या वेळात चुकतं. शिवाय नव्या स्फटिकांना धरायला आयते कण मिळतात. म्हणून भोक पाडल्यावरचा लगदा शेवटच्या चमच्यापर्यंत काढायचा. झारा पाण्यात खोल घालून भिंतीला घासत वर आणायचा, पाणी काळं दिसेपर्यंत. आणि काढलेला लगदा भोकाच्या कडेला टाकायचा नाही, हात लांब करून दूर टाकायचा. मी तो कडेलाच आपटत होते. तो गोठून कडेला एक उंच, धारदार किनार तयार झाली. पर्चची दोरी त्याच किनारीवर तुटली.

दादा आला, त्याने दोरीचं टोक बघितलं, भोक बघितलं, रागावला नाही.

“अगं, तू वरून बघतेयस,” तो म्हणाला. “भोक वरून बंद होत नाही. कडेने बंद होतं.”

त्याने पहार घेतली. आधी माझी दुसरी दोरी वर काढायला लावली, कारण पहारीचं टोक दोरीवर पडलं तर दोरी गेलीच. पहारीच्या वरच्या टोकाला बांधलेली दोरी मनगटात अडकवली. बर्फ अचानक सुटला तर पहार हातातून निसटून थेट तळाला जाते आणि मग परत मिळत नाही. मग त्याने भोकाच्या भिंतीवर वरून खाली, गोल फिरत, हलके ठोके दिले. भिंतीचे पापुद्रे सुटून वर तरंगले. ते झाऱ्याने काढले. भोक पुन्हा रुंद झालं. “हे दर तासाला करायचं,” तो म्हणाला. “साय नाही काढलीस तरी चालेल, भिंत तासलीच पाहिजे.” गिरमीट पुन्हा फिरवून भोक रुंद का करायचं नाही, असं मी विचारलं. अर्धवट मिटलेल्या भोकात पातं एका बाजूने अडतं, झटका देतं आणि मनगट मुरगळतं, हे त्याचं उत्तर होतं.

अंटार्क्टिकातले वेडेल सील श्वासाची भोकं उघडी ठेवण्यासाठी हेच करतात, फक्त त्यांची पहार म्हणजे त्यांचे दात. पुढचे दात बर्फाच्या कडेवर घासून ते भोकाच्या भिंती तासत राहतात. त्यात दात झिजतात, आणि दात झिजले की भोक राखणं आणि खाणं दोन्ही अवघड होतं. उत्तरेकडचे रिंग्ड सील पुढच्या वल्ह्यांच्या नखांनी खरवडतात. त्या प्राण्यांचं आयुष्य अशा एका भोकावर तोललेलं असतं, हे मला आधी फक्त माहीत होतं. त्या दुपारी उणे १८ अंशांत भिंत तासताना त्याचा अर्थ हाताला कळला.

भोक कडेनेच का मिटतं, यावर मी त्या संध्याकाळी तंबूत बराच विचार केला. तळ्यावरचा बर्फ वरून खालपर्यंत सारखा थंड नसतो. पाण्याला टेकलेली खालची बाजू शून्यावर असते. वरची बाजू, उघडी असेल तर, हवेच्या जवळपास जाते. म्हणजे भोकाच्या भिंतीचा वरचा वीतभर भाग चांगलाच उणे असतो आणि पाणी त्याला चारी बाजूंनी टेकलेलं असतं. तिथे बर्फाचं कडं धरणारच. बर्फ तरंगतो तेव्हा त्याचा साधारण बारावा भाग पाण्यावर राहतो. आमच्या ४२ सेंटिमीटर बर्फात पाण्याची पातळी कडेपासून साडेतीन सेंटिमीटर खाली होती. त्या पातळीवर, सगळ्यात थंड जागी, कडं सगळ्यात जाड झालं होतं. खाली हात घालून पाहिलं तर भोक तितकंच रुंद होतं. दार फक्त चौकटीपाशी अरुंद झालं होतं.

आणि मग मीटरभर साफ केलेल्या त्या वर्तुळाचा अर्थ लागला.

भुसभुशीत हिमात हवा अडकलेली असते. त्यातून उष्णता बर्फाच्या मानाने अगदी सावकाश जाते. ताज्या, हलक्या हिमाचा पातळ थर जेवढी ऊब धरतो तेवढी धरायला त्याच्या वीसपट जाडीचा घट्ट बर्फ लागतो. मी फावड्याने ते पांघरूणच ओढून काढलं होतं. भोकाभोवतीचा बर्फ उघडा पडला, हवेने तो थंड केला आणि त्या थंडीने भोक कडेने आवळलं. बसायची जागा छान दिसत होती, पण भोकाचा गळा मी स्वतः दाबला होता. दुसऱ्या दिवशी नवं भोक पाडताना मी फक्त गिरमिटाच्या रुंदीएवढंच हिम बाजूला केलं आणि पाडून झाल्यावर, लगदा दूर टाकून, कोरडं हिम पुन्हा कडेपर्यंत ओढून हलकेच दाबून बसवलं. कोरडं हिम कडेला हवं, पाण्यात मात्र चिमूटभरही पडू द्यायचं नाही, ते लगदाच होतं.

यात एक सांभाळायचं. भोकाभोवती हिमाचा फार मोठा ढीग केला की त्याच्या वजनाने बर्फ थोडा खाली दबतो आणि पाणी भोकातून वर येऊन पसरतं. मग पाय ओले होतात आणि कडेचं हिम भिजून त्याची ऊबही जाते. वीतभर उंच, हातभर रुंद, एवढं पुरलं.

पहिल्या दुपारी मात्र मी हे काहीच न करता भिंत तासत, साय काढत बसले. साय कशी धरते ते त्यामुळे खूप वेळा बघायला मिळालं. आधी पाण्यावर काहीच दिसत नाही. मग कडेकडून सुया निघतात, लांब, सरळ, एकमेकींना छेदणाऱ्या. त्या मधोमध भेटतात आणि मधल्या खिडक्या एकेक करून बुजतात. दुधावर साय धरते तशीच ती, फक्त ताठ. अर्ध्या तासात ती दोन-तीन मिलीमीटर होत होती. वारा पडला की वेळ वाढायचा, वारा आला की पंधरा-वीस मिनिटांतच झारा टेकवल्यावर करकर आवाज यायचा. वाऱ्याने हवेचं तापमान काही उतरत नाही, पण पाण्यालगतची थोडी कोमट झालेली हवा तो उडवून नेतो आणि तिच्या जागी गार हवा आणतो.

हिशेब करून पाहिला. २० सेंटिमीटर रुंदीच्या भोकावर एक सेंटिमीटर बर्फ म्हणजे पावकिलोहून थोडा जास्त. तो दोन तासांत धरत असेल, तर भोकातून निघून जाणारी उष्णता तेरा-चौदा वॉट भरते. छोट्या दिव्याएवढी. हा आकडा कागदावर आला तेव्हा मला खूप धीर आला. इतका वेळ मी आकाशाशी, वाऱ्याशी, अख्ख्या हिवाळ्याशी झगडते आहे असं वाटत होतं. प्रत्यक्षात प्रश्न तेरा-चौदा वॉटचा होता. तेवढे बाहेरून आणून पुरवण्यापेक्षा ते जातायत ती वाट अडवणं सोपं.

दादाच्या भोकांवर ती अडवलेली होतीच. त्याच्या तीन गळांपैकी दोन झेंडीचे होते. थाळीएवढी गोल, जाड, पोकळ चकती भोकावर झाकण म्हणून बसते, दोरीची चरखी तिच्या खालून पाण्यात बुडलेली असते, आणि मासा लागला की वरची झेंडी उभी राहते. चरखी पाण्यात असल्यामुळे ती गोठत नाही, भोक झाकलेलं असल्यामुळे ते उघडं राहतं. पण मला गळकाठी हातात धरून बसायचं होतं. झेंडीकडे लांबून बघत राहण्यात मला मजा वाटत नाही. दोरीचा कंप बोटांना कळला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी थर्माकोलचा पाच सेंटिमीटर जाड तुकडा घेऊन भोकाच्या मापाची चकती कापली. चाकूने कडेपासून मध्यापर्यंत एक चीर दिली आणि मध्यभागी दोरी सहज सरकेल एवढं छिद्र पाडलं. चकती भोकात त्या साडेतीन सेंटिमीटरच्या खोलगट जागेत बसली, पाण्याला जवळजवळ टेकून. दोरी चिरेतून आत घ्यायची, मधल्या छिद्रात आणायची. मासा लागला की चकतीला बांधलेला दोरा ओढायचा, ती चिरेवाटे दोरीवरून सुटून बाजूला होते. हे मी मासा नसतानाच दहा-बारा वेळा करून पाहिलं, हातमोजे घालून आणि हातमोजे काढून. मासा लागल्यावर शिकायची ती वेळ नसते. थर्माकोलचे कण सुटून पाण्यात जाऊ नयेत म्हणून कापलेल्या कडेवर आधीच चिकटपट्टी फिरवली होती. ती न फिरवता कुणी थर्माकोल तळ्यावर आणू नये.

फरक लगेच दिसला. उघड्या भोकावर अर्ध्या तासात जी साय धरायची, ती चकतीखाली तास उलटला तरी नव्हती. फक्त मधल्या छिद्रात, दोरीभोवती, बर्फाचा मणी तयार व्हायचा. तो दोरी हलवली की सुटायचा.

दोरी आणि काठीचंही सांगते, कारण भोक उघडं असून काठी गोठली तर उपयोग नाही. दोरी गुंडाळताना तिच्यासोबत पाणी वर येतं आणि काठीच्या कड्यांमध्ये गोठतं. पहिल्या दिवशी मी ते नखाने फोडत होते आणि दोन कडी वाकवली. दादाने काठीचं टोक भोकातल्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून ठेवायला सांगितलं. बाहेर काढलं तेव्हा बर्फ वितळलेला होता. आपण त्या पाण्याला बर्फगार म्हणतो, पण काठीवरच्या बर्फाच्या दृष्टीने ते अठरा अंशांनी ऊबदार होतं. त्या तळ्यावर मैलभरात आमच्या शेगडीशिवाय दुसरी ऊबदार वस्तू तीच होती. हे मनात पक्कं बसल्यावर माझी भोकाकडे बघायची नजर बदलली. गार पाण्याला मी हवेपासून वाचवत होते, आणि ते पाणी मला मदत करायला तयार होतं.

मग त्याच मदतीच्या जोरावर मी पंप आणला, आणि तो प्रयोग अर्धाच साधला. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं. म्हणून हिवाळ्यात गोड्या पाण्याच्या तळ्याच्या तळाशी तुलनेने ऊबदार पाणी बसतं आणि बर्फालगत शून्याजवळचं. मी तारेचा तापमापक सोडून पाहिलं. बर्फाच्या खाली ०.३ अंश, पाच मीटरवर ३.६. तळाचं हे पाणी वर आणलं तर भोक गोठणार नाही. बुडबुडे सोडले की ते वर येताना आजूबाजूचं पाणी सोबत ओढतात. थंडीत पोहण्यासाठी फिनलंडमध्ये बर्फात जागा मोकळी ठेवतात, तिथेही पाणी फिरतं ठेवणारी यंत्रं लावतात. आमिषाच्या बादलीत हवा सोडायचा बॅटरीवरचा छोटा पंप माझ्याजवळ होता. त्याची नळी जड शिसं बांधून तीन मीटर खाली सोडली.

पहिला अर्धा तास सुंदर गेला. भोकात पाणी हलत होतं, साय धरेना, इतकंच नाही तर कडेचा बर्फ किंचित गोल आणि गुळगुळीत झाला. मग बुडबुडे थांबले. नळीचा जो भाग बर्फावर उघडा पडला होता, त्यात हवेतला ओलावा साचून गोठला होता. नळी हातात धरून ऊब दिली, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. नळीवर मोजा चढवला, पंप कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. थंडीत बॅटरीचा जोर उतरतो, त्यालाही तो खिसा बरा पडला. मग दीड तास चालला. पण बुडबुड्यांच्या थरथरीत मला गळावरचा हलका टोका कळेना. आणि दादाला ते मुळातच आवडलं नाही.

“एका भोकाला चालेल एवढाच लाव,” तो म्हणाला. “मोठा पंप रात्रभर चालला तर बर्फ खालून खातो. वरून कळत नाही. दुसरं कुणी चालत आलं तर?”

मी तो बंद केला. जिथे लोक चालतात त्या बर्फावर पंप चालू ठेवून निघून जाणं मला बरोबर वाटत नाही, कितीही लहान असला तरी.

पाण्यात काहीतरी ओतायचा विषय एकदाच निघाला. स्वयंपाकाचं तेल ओतलं तर भोक उशिरा गोठतं, असं मी ऐकलं होतं. मीठ टाकणारेही असतात. गाडीच्या रेडिएटरमधलं न गोठणारं द्रव वापरावं का, असं विचारणारेही. त्या द्रवात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे आणि चवीला गोड असल्यामुळे प्राणी ते पितात. ते तळ्याजवळ आणायचंच नाही. मीठ पाण्यात विरघळतं, जड होऊन खाली जातं आणि भोक आहे तसंच राहतं, तळं मात्र तेवढं खारट होतं. तेल तर तरंगत राहतं, दोरीला, माशाच्या अंगाला, वसंतात येणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांना लागतं. ज्या पाण्यातून मासा घ्यायचा त्याच पाण्यात हे ओतायचं, हे मला पटत नाही.

गरम पाण्याचा थर्मास मात्र मी वापरला, आणि तो एका कामाला चांगला आहे. लिटरभर उकळतं पाणी तीन-चार सेंटिमीटर जाडीचं झाकण वितळवू शकतं, हिशेबाने. प्रत्यक्षात बरीच ऊब इकडेतिकडे जाते. पण सकाळी भोक उघडताना, पहारीचा आवाज नको असेल तेव्हा, कडेने गोल धार सोडली की कडं सैल होतं. भोक दिवसभर उघडं ठेवायला हा उपाय नाही, तासाभरात साय पुन्हा धरते.

तंबू भोकावरच उभारला तर अर्धं काम होतं. शेगडी नसली तरी वारा अडतो, तोच मोठा फायदा. शेगडी असली तर भोक गोठतच नाही म्हणा. अंटार्क्टिकात मॅकमर्डोला बर्फाखाली उतरणारे पाणबुडे याच कारणासाठी भोकावर गरम झोपडी ठेवतात. पण तंबूत शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आमच्या तंबूत वर आणि खाली एकेक झडप कायम उघडी होती, धोक्याची घंटी वाजवणारं यंत्र छताखाली टांगलेलं होतं, आणि झोपताना शेगडी बंद. रात्री थंडीने दोनदा जाग आली. चालतं.

दुसऱ्या रात्री हवा उणे २२ पर्यंत उतरली. आकाश निरभ्र होतं. झोपण्याआधी मी बाहेरच्या तीन भोकांवर एक प्रयोग लावला होता, सगळी त्याच संध्याकाळी भिंत तासून, लगदा काढून स्वच्छ केलेली. पहिलं उघडं ठेवलं. दुसऱ्यावर नुसती लाकडी फळी. तिसऱ्यात थर्माकोलची दुसरी चकती, तिच्यावर फळी, फळीवर ताडपत्रीचा तुकडा आणि त्यावर हातभर कोरड्या हिमाचा ढीग, भोकाच्या चारी बाजूंना मीटरभर पसरलेला. ढिगात खुणेची काठी रोवली, नाहीतर सकाळी कुठे होतं तेच कळणार नाही. उघड्या भोकाभोवती चार काठ्या आणि चमकणारी पट्टी, कुणाचा पाय पडू नये म्हणून.

बारा तासांनी मोजलं. उघड्या भोकावर सात सेंटिमीटर टणक बर्फ, फोडायला पहारीचे वीस-बावीस ठोके. फळीखाली अडीच सेंटिमीटर, पण कडेचं कडं पहिल्याएवढंच जाड, कारण फळीने वरची वाट अडवली, बाजूची नाही. तिसऱ्यावरचं हिम मी हाताने बाजूला केलं, फळी उचलली, चकतीचा दोरा ओढला. ती किंचित चिकटली होती. खाली अर्ध्या सेंटिमीटरचा पापुद्रा, काचेसारखा, त्यातून काळं पाणी दिसत होतं. हातमोज्याच्या मुठीने तो फुटला. भिंत तासायचीही गरज पडली नाही. दादा शेजारी उभा होता. “हं,” एवढंच म्हणाला, पण खाली वाकून भोकाच्या कडेवरून बोट फिरवून त्याने स्वतः खात्री करून घेतली.

त्या तिसऱ्या भोकावरच मी सकाळभर बसले. चकती आत, कडेला हिम, काठीचं टोक मधूनमधून पाण्यात. साडेदहाच्या सुमाराला दोरी जड झाली. डाव्या हाताने दोरा ओढला, चकती बाजूला पडली. खाली पाणी पूर्ण उघडं होतं, कडेपासून कडेपर्यंत. पाइक होता, लांब, दादाने दोनदा “सावकाश, सावकाश” म्हटलं. डोकं भोकात आलं तेव्हा मी पाहिलं की दोन्ही बाजूंना बोटभर जागा आहे. तो अंगावरचा एकही खवला न घासता वर आला. जबड्यातून गळ काढला, दादाने मोजपट्टी धरली, आणि मी त्याला त्याच भोकातून डोक्याकडून खाली सोडला. क्षणभर तो तिथेच थांबला, मग शेपटी हलली आणि भोकात नुसतं काळं पाणी राहिलं.

निघताना सगळी भोकं लगद्याने आणि हिमाने भरून टाकली, मुद्दाम पाण्यात हिम घालून, म्हणजे ती लवकर धरतील. जे दोन दिवस करायचं नाही ते शेवटी करायचं. प्रत्येकात वाळलेली फांदी उभी केली. स्लेजवर सामान बांधून होईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. परत जाऊन पहिल्या भोकातली फांदी हलवून पाहिली. ती हलेना. दादाने पहारीने एकदा ठोकलं, आणि आम्ही काठाकडे निघालो.